खाडे, खडू आणि १०३ पायऱ्या : आईच्या गुडघ्याचं प्रकरण

८ फेब्रुवारी २०२३ ला आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा पूर्ण बदलला, आणि २१ ऑगस्टला ती पर्वती चढली. मधल्या साडेसहा महिन्यांत आम्ही काय काय मोजलं, त्यातलं काय कामाला आलं आणि कशाने उलट नुकसान झालं ते सगळं इथे लिहितीये, कारण त्या काळात मला स्वतःला असं कुणीतरी सविस्तर लिहिलेलं वाचायला हवं होतं. व्यायाम कुठले करायचे याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण तोच तोच दुखणारा व्यायाम सहा महिने चालू कसा ठेवायचा आणि आपण पुढे चाललोय की तिथेच आहोत हे कसं ओळखायचं, हे मला कुठे नीट सापडलं नाही.

आई तेव्हा ६७ ची. सहकारनगरला दुसरा मजला, बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. बाबा ७३ चे, तब्येत ठणठणीत पण कुणाला धरून उठवण्याइतकी ताकद आता नाही, भाऊ बंगलोरला, म्हणून मी आणि माझा मुलगा (तिसरीत होता) सिंहगड रोडवरून सहा महिने तिकडेच राहायला गेलो. मी अकाउंट्सला आहे, काम घरून करता येत होतं. हे सांगते कारण पुढे मी जे केलं ते माझ्या कामाच्या सवयीतूनच आलं होतं.

आणि पर्वतीचं आधीच सांगून टाकते. आई लग्न होऊन या भागात आली तेव्हापासून रोज सकाळी पर्वती. १०३ पायऱ्या. वर देवदेवेश्वराचं दर्शन, मग मैत्रिणींबरोबर कठड्याशी पंधरा-वीस मिनिटं गप्पा, खाली सारसबाग, समोर सगळं पुणं पसरलेलं, आणि साडेसातला घरी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ ते, पण आईसाठी ती तिची स्वतःची जागा होती, घरातल्या कुणाशी संबंध नसलेला दिवसातला एक तास. शेवटची चार वर्षं ते बंद झालं होतं. आधी रोजच्याऐवजी सोमवारी, मग फक्त श्रावणात, मग पायथ्याशी उभं राहून हात जोडून परत. गुडघ्याची झीज चौथ्या ग्रेडला गेली होती, हाडावर हाड घासत होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली, चौथ्या दिवशी डिस्चार्ज, खुर्चीत बसवून चौघांनी दोन मजले वर आणलं. घरी फिजिओ यायला लागली, तरुण मुलगी, आईला काकू म्हणायची आणि कामात एकदम चोख. तिने पहिल्याच दिवशी मला गणित समजावलं. गुडघा किती अंशात वाकतो हे बघायचं. सपाट जमिनीवर नीट चालायला साधारण ६५ ते ७० अंश लागतात, जिना चढायला ८० ते ८५, उतरायला ९० ते १०० आणि खुर्चीतून हात न टेकता उठायला नव्वदच्या थोडं वर. आणि हे सगळं पहिल्या तीन महिन्यांत मिळवायचं, कारण जखम भरताना आत चिवट ऊती तयार होतात आणि त्या घट्ट बसल्या की मग वाकणं जिथे आहे तिथेच अडकतं. सहा आठवड्यांपर्यंत ९० यायला पाहिजेत काकू, नाहीतर भूल देऊन वाकवायची वेळ येऊ शकते, असं ती म्हणाली. ते वाक्य आईच्या आणि माझ्या दोघींच्या डोक्यात जाऊन बसलं.

मी त्या रात्रीच एक्सेल शीट केली. चौदा कॉलम. सकाळचा अंश, संध्याकाळचा अंश, दुखणं दहापैकी किती, सूज, पावलं, झोप, बीपी, आईस पॅक किती वेळा, कुठला व्यायाम किती वेळा वगैरे. अंश मोजायला फोनमध्ये अ‍ॅप टाकलं, नडगीवर फोन ठेवायचा की आकडा येतो. भावाने बंगलोरहून घड्याळ पाठवलं पावलं मोजणारं आणि रोज पाच हजारचं टार्गेट लावून दिलं. रविवारी मी ग्राफ काढून घरच्या ग्रुपवर टाकायचे, म्हटलं सगळ्यांना कळेल आणि आईलाही बरं वाटेल.

पहिले चार आठवडे ग्राफ सरळ वर गेला. ६५, ७२, ७८ (तेव्हा टाके काढले), ८३, ८८. सगळे खूश, ग्रुपवर टाळ्या.

मग थांबला. पाचव्या आठवड्यात सोमवारी ८८, मंगळवारी ८४, बुधवारी ९०, गुरुवारी ८५. आईला रोज सकाळी पहिला प्रश्न, आज किती? आणि ८४ ऐकलं की ती दिवसभर गप्प. मी पण घाबरले होते, मनात ते भूल देऊन वाकवायचं सारखं येत होतं, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं, म्हणजे अजून जास्त मोजायला लागले. दिवसातून चार-चार वेळा. सहाव्या आठवड्यात नेमका गुढीपाडवा, घरात पाहुणे, आणि एकेकाच्या ओळखीतल्या गुडघ्यांच्या गोष्टी. कुणाच्या वन्सं दीड महिन्यात रिक्षाने मंडईत जाऊन आल्या, कुणाच्या शेजारणीने एक महिन्यात काठी सोडली. काकांनी ग्रुपवर आधीच विचारलं होतं, अजून नव्वद नाही का झाले? आई हसून सगळ्यांना श्रीखंड वाढायला सांगत होती पण मी तिचा चेहरा बघत होते.

पाडव्यानंतर तिने व्यायाम टाळायला सुरुवात केली. आधी एखाद दुसरा, मग संध्याकाळचा रोजच. मी बोलले, जरा जोरातच बोलले, की अगं इतका खर्च केला, इतकं सोसलंस आणि आता शेवटी कंटाळा करतीयेस? तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या त्या तक्त्यात मी रोज नापास होते. उठल्यापासून माझी परीक्षा. मला नको ते." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मला खूप वाईट वाटलं होतं आणि रागही आला होता, दोन्ही.

फिजिओला मी सगळी शीट दाखवली. तिने शांतपणे बघितली आणि मला एक गोष्ट सांगितली जी पहिल्या दिवशी कळायला हवी होती. कोनमापकाने प्रशिक्षित माणसाने मोजलं तरी चार-पाच अंश इकडे तिकडे होतात, आणि इथे तर फोन, कधी मी धरतीये, कधी बाबा, कधी सकाळी गुडघा आखडलेला असताना, कधी संध्याकाळी सूज असताना. ८४ आणि ८८ हा फरकच नाहीये ताई, ती म्हणाली, ते दोन्ही एकच आहे. म्हणजे ज्या आकड्यामुळे आई दिवसभर जेवत नव्हती तो आकडा मोजण्याच्या चुकीत बसत होता. तिने स्वतःच्या कोनमापकाने मोजलेले दर शनिवारचे आकडे काढले : ८६, ८८, ८८. प्रगती मंदावली होती, मागे गेली नव्हती.

दुसरी गोष्ट तिने विचारली, ही पावलं ज्या दिवशी चार हजारच्या वर आहेत त्याच्या दुसऱ्या दिवशी अंश बघा. बघितलं. जवळजवळ प्रत्येक वेळी कमी. जास्त चाललं की सूज, सूज आली की वाकत नाही, आणि वाकलं नाही की आई निराश. आम्ही दोन टार्गेटं दिली होती आणि एक दुसऱ्याचे पाय ओढत होतं. चौदा कॉलम भरत असूनही हे मला दिसलं नव्हतं, कारण मी रोजच्या रोज प्रत्येक आकडा वेगळा बघत होते. घड्याळ त्या दिवशी कपाटात गेलं, भावाला फोन करून सांगितलं बाराव्या आठवड्यापर्यंत पावलांचं नाव काढू नकोस.

आणि तिसरी गोष्ट, ती मला सगळ्यात जास्त लागली. काकू रात्री गुडघ्याखाली उशी घेतात का? घेत होती. आराम वाटतो म्हणून रोज. ते करायचं नसतं, गुडघा वाकलेल्या अवस्थेत रात्रभर राहिला की पूर्ण सरळ होणं कमी होतं. सरळ किती होतो हे आम्ही मोजतच नव्हतो. माझ्या चौदा कॉलममध्ये वाकण्याचे दोन कॉलम होते आणि सरळ होण्याचा एकही नाही. तिने मोजलं तर आठ अंश कमी सरळ होत होता, म्हणून ती चालताना लंगडत होती आणि आम्हाला वाटत होतं सवयीने लंगडतीये. उशी काढून घोट्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवायला सुरुवात केली, तीन आठवड्यांत आठाचे दोन झाले.

एवढं कळलं तरी मूळ प्रश्न राहिलाच होता. आई व्यायाम करत नव्हती.

१ एप्रिलला संध्याकाळी दूधवाले काका हिशोबाला आले. आईने बसल्या जागी मला सांगितलं कालनिर्णय काढ भिंतीवरून, मार्चचं पान. आणि दोन मिनिटांत तिने हिशोब केला. तीन खाडे, पाडव्याला दीड लिटर जादा, दोन दिवस अर्धा लिटर कमी. काकांनी मान डोलावली, पैसे घेतले, गेले. वाद नाही, शंका नाही. फेब्रुवारीत ती हॉस्पिटलमध्ये होती त्या दिवसांच्या चौकोनात बाबांच्या अक्षरात नोंद होती, कारण तिने तिथून फोन करून लिहायला लावलं होतं. त्याच चौकोनांमध्ये कामाच्या मावशींचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, इस्त्रीचे कपडे किती. ही बाई चाळीस वर्षं रोज नोंद ठेवतीये, एक दिवस न चुकता, आणि मी तिला नोंद ठेवायला शिकवत होते.

मी ते पान हातात धरून बराच वेळ बघत बसले. एक गोष्ट लक्षात आली. ती दूध आलं हे कधीच लिहीत नाही. दूध येणारच, ते गृहीत आहे. लिहायचा फक्त खाडा. मावशी आल्या हे लिहीत नाही, नाही आल्या तेच लिहिते. त्यामुळे महिन्याचं पान बहुतेक कोरं असतं आणि कोरं असणं म्हणजे सगळं ठीक. माझी शीट बरोबर उलटी होती. तिच्यात रोज चौदा ठिकाणी काहीतरी भरावं लागायचं, आणि जे भरलं ते रोज कालच्याशी ताडून बघितलं जायचं.

रात्री मी तिला म्हटलं, आई, व्यायामाचं पण दुधासारखं करूया का? ती पहिल्यांदा काही बोलली नाही. मग म्हणाली, खाडा लिहायचा ना फक्त? मी हो म्हटलं. अंश? अंश शनिवारी फिजिओ मोजेल, तू विचारायचं नाहीस आणि मी सांगणार नाही. ग्रुपवर काही जाणार नाही. ती म्हणाली बरं.

एप्रिलच्या पानावर तिनेच लिहायचं ठरलं, मी हात लावायचा नाही. दिवसाला तीन वेळा व्यायाम, सकाळ, दुपार, संध्याकाळ. चुकला तर स, दु किंवा सं आणि पुढे एक शब्द कारण. केला तर काही नाही. मला हे इतकं साधं वाटत होतं की याने काय होणार अशी शंका होती, पण पहिल्या आठवड्यातच फरक दिसला. तिला खाडा लिहायला आवडत नव्हतं. मावशींचा खाडा लिहिताना ती जशी पेन थोडं दाबून लिहिते तसंच स्वतःचा लिहायची. आणि दुसरं म्हणजे कुणी विचारत नव्हतं, हिशोब तिचा तिच्याशी होता.

३० एप्रिलला आम्ही दूधवाल्यासारखाच हिशोब केला. तीस दिवस, तीनदा, म्हणजे ९० वेळा. खाडे २३. सकाळचे २, दुपारचे ४ आणि संध्याकाळचे १७. सतरापैकी कारण सूज ६ वेळा, पाहुणे ५ वेळा, कंटाळा ४ वेळा आणि लाइट गेली २ वेळा. आई म्हणाली बघ, मी आळशी नाहीये, संध्याकाळ वाईट आहे. हे तिने स्वतः शोधलं आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात हा क्षण सगळ्यात महत्त्वाचा होता, कारण तोपर्यंत घरात सगळेच, ती स्वतःसुद्धा, हे धरून चालले होते की तिची इच्छाशक्ती कमी पडतीये.

संध्याकाळ वाईट का, तर साडेचार ते सहा ती स्वयंपाकघरात उभी. नातू शाळेतून येतो, त्याला गरम काहीतरी द्यायचं, थालीपीठ, शिरा, आणि ते मी केलेलं चालत नाही. तोपर्यंत सूज चढलेली, आणि पाहुणे पण त्याच वेळेला येतात. मग तिने वेळा बदलल्या, सकाळी सात, अकरा आणि साडेतीन. साडेतीनच्या आधी दुपारची झोप, पाय उंचावर, त्याच्यावर पंधरा मिनिटं बर्फ. थालीपीठ बंद केलं नाही, फक्त स्टूल घेऊन बसून थापायला लागली. मे महिन्याचा हिशोब : ९३ पैकी ९ खाडे.

खडूचं माझ्या मुलाने काढलं. आजीला अंश कळत नाही आणि विचारायचीही बंदी, मग तिला कळणार कसं म्हणून तो एक दिवस खडू घेऊन आला. हॉलमधली लाकडी खुर्ची एका ठरलेल्या फरशीवर, मागचे पाय सांध्याला लावून. आजी बसणार, टाच जमिनीवरून मागे मागे सरकवणार, जिथे थांबेल तिथे तो रेघ मारणार आणि बाजूला तारीख. फक्त रविवारी, सकाळच्या व्यायामानंतर. फरशी पुसताना मावशींना सांगून ठेवलं होतं तेवढा कोपरा सोडा. पहिली रेघ ९ एप्रिलची. एका आठवड्यात कधी बोटाएवढी सरकायची, कधी अजिबात नाही, पण पाच-सहा रेघा झाल्यावर मधला एखादा आठवडा थांबलेला असला तरी काही वाटत नाही, कारण पहिली रेघ कुठे होती ती समोर दिसते. आईला तो कोपरा फार आवडायचा, आलेल्या माणसाला ती स्वतः दाखवायची. फिजिओचे आकडे दरम्यान ९० (आठवा आठवडा), ९८ (दहावा), १०४ (बारावा), सोळाव्याला ११२. भूल देऊन वाकवायचा विषय नवव्या आठवड्यातच डॉक्टरांनी संपवला.

शनिवारी अजून एक गोष्ट मोजायचो, फिजिओनेच सांगितलेली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, स्टॉपवॉच लावून. बारा सेकंदांच्या वर लागले तर पडण्याची भीती जास्त असं ते धरतात. आईला सहाव्या आठवड्यात २१ लागले होते, बाराव्यात १३, विसाव्यात १०. मला हे मोजमाप अंशापेक्षा बरं वाटतं, यात गुडघा, ताकद, तोल, भीती सगळं एकत्र येतं.

आता पर्वतीबद्दल. खरं सांगायचं तर एप्रिलपर्यंत आम्ही कुणी तिला विचारलंच नव्हतं की तुला काय हवंय. डॉक्टरांचं टार्गेट ११० ते १२० अंश, भावाचं पाच हजार पावलं, माझं नव्वद. एप्रिलचा हिशोब झाला त्या रात्री तिने कालनिर्णयची पुढची पानं उलटली आणि श्रावणी सोमवार बघितले. २०२३ ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, त्यामुळे निज श्रावण लांबला होता आणि पहिला श्रावणी सोमवार २१ ऑगस्टला येत होता, त्याच दिवशी नागपंचमी. ती म्हणाली देवाने एक महिना वाढवून दिलाय मला. आणि त्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं, पर्वती. बास. कुणाला सांगितलं नाही, ग्रुपवर तर नाहीच.

पर्वती तर लांब होती पण जिना घरातच होता. आमचा जिना एका टप्प्याला नऊ पायऱ्या, दोन मजल्यांच्या मिळून ३६. तीनदा चढलं की १०८, पर्वतीपेक्षा पाच जास्तच. फिजिओने दहाव्या आठवड्यात परवानगी दिली, कठडा धरून, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पहिल्या दिवशी नऊ पायऱ्या उतरून पुन्हा वर. चौदाव्या आठवड्यात सगळ्या ३६. याची नोंद मात्र कालनिर्णयवर नाही, ती जिन्यातच होती, पहिल्या मजल्यावरच्या काकू दार उघडून विचारायच्या आज कितीवी फेरी. हे विचारणं तिला आवडायचं. काकांचं ग्रुपवरचं विचारणं आणि हे विचारणं यात फरक काय याचा मी बराच विचार केलाय, मला वाटतं एकाने तिला नुसता आकडा विचारला होता, आणि दुसरी रोज तिला चढताना बघत होती.

जूनमध्ये घोळ झाला. १२ तारखेला पालख्या पुण्यात आल्या आणि आईने ऐकलं नाही. लक्ष्मी रोडला अडीच तास उभी राहिली. रात्री गुडघा असा सुजला की मला पहिल्या आठवड्याची आठवण झाली. पाच दिवस सगळा व्यायाम बंद, फक्त बर्फ आणि पाय वर. पंधरा खाडे एका ओळीत. मला भीती होती की आता सगळं सुटणार, एप्रिलच्या आधी असं झालं असतं तर नक्की सुटलं असतं. तिने पाच चौकोनांवर मिळून एकच आडवी रेघ मारली आणि लिहिलं पालखी. सहाव्या दिवशी सकाळी सातला व्यायामाला बसली, काही न बोलता. महिन्याच्या शेवटी हिशोबात म्हणाली हे पंधरा मी मुद्दाम घेतलेत, बाकीचे सहा मोज. मी सहा मोजले. त्या रविवारी खडूची रेघ आदल्या रेघेच्या मागेच राहिली होती, माझ्या मुलाने ती पुसू का विचारलं तर म्हणाली नको, असू दे, लागली ना तिथे टाच.

जुलैत जिन्याच्या दोन फेऱ्या सलग, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तीन. १०८. उतरताना डावा गुडघा दुखायचा, तोही झिजलेला आहे, म्हणून मध्ये प्रत्येक मजल्यावर थांबायची. पावसाचं मला टेन्शन होतं, पर्वतीच्या पायऱ्या रुंद, उतरत्या, पावसात निसरड्या. रबरी बुडाची काठी घेतली, आणि १४ ऑगस्टला मी एकटी जाऊन कुठे शेवाळ आहे, कुठल्या बाजूने चढणं बरं ते बघून आले.

२१ तारखेला पहाटे रिमझिम होती, साडेसहाला थांबली. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे सकाळचं स्वयंपाकघराचं ओझं नव्हतं, पुरणाचे दिंड रात्रीच भरून ठेवले होते, नुसते उकडायचे. बाबा, मी, मुलगा आणि ती. ती मनात मोजत होती हे मला कळत होतं कारण ओठ हलत होते. २७ ला थांबली, ५४ ला थांबली, ८१ ला थांबली. नऊच्या टप्प्याने चढायची सवय झाली होती तिला. ५४ ला एक आजोबा वरून येत होते, ते ओळखीचे निघाले, म्हणाले किती वर्षांनी, ती म्हणाली चार. वर पोचायला १९ मिनिटं लागली. श्रावणी सोमवारची रांग होती, रांगेत उभी राहू नकोस म्हटलं तर तिने ऐकलं आणि लांबूनच हात जोडले, मग कठड्याशी जाऊन बसली. तिच्या दोन मैत्रिणी तिथे होत्या, त्यांना माहीत नव्हतं ती येणार आहे. मी थोडी लांब उभी राहिले. तिचा तास होता तो.

घरी आल्यावर तिने कालनिर्णय काढलं. पर्वती लिहिलेल्या चौकोनात अजून काही लिहिलं नाही, करायचं ठरलेलं केलं तर लिहायचं नसतं ना. फक्त दूध अर्धा लिटर जादा, एवढं लिहिलं.

डाव्या गुडघ्याची तारीख पुढच्या फेब्रुवारीत घ्यायचं चाललंय. या वेळी पहिल्या दिवसापासून काय वेगळं करायचं ते आम्ही ठरवलंय : अंश फक्त फिजिओने आणि फक्त शनिवारी, सरळ किती होतो ते पण लिहायचं, गुडघ्याखाली उशी नाही, घड्याळ तीन महिने कपाटात, बाकी सगळं खाड्यावर. चौदा कॉलमची शीट मी ठेवून दिलीये, डॉक्टरांना औषधांच्या तारखा द्यायला ती उपयोगी पडली होती एवढं मान्य करते. मुलाने खडूचा डबा आजीकडेच ठेवलाय, आणि मावशी अजूनही तो कोपरा सोडूनच फरशी पुसतात.